एप्रिलमध्ये सांगायचं ठरलं होतं

आमच्या लॅबमध्ये दर संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं. खाली लॅब आणि वर डॉक्टरांचं घर, त्यामुळे दुपारी पेशंट ओसरले की आम्ही बायका पांढरे कोट खुंटीला अडकवायचो, साड्यांच्या निऱ्या ठाकठीक करायचो आणि जिना चढून वर जायचो. मॅडम, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, हळदीकुंकू लावायच्या, तिळगूळ द्यायच्या आणि वाण म्हणून काहीतरी स्टीलचं हातात ठेवायच्या. माझ्या स्वयंपाकघरात एक अख्खी फळी त्या वाणांची आहे. डबे, वाडगे, गाळण्या, एक चिमटासुद्धा.

त्या वर्षी सगळ्यांना स्टीलची परडी मिळाली. मला मात्र मॅडमनी पाटावर बसवलं. पाटाभोवती रांगोळी होती. मला वाटलं, सगळ्यांत जुनी म्हणून मान देतायत, आणि मी थोडी फुलूनही गेले. मग त्यांनी आतून सूप आणलं. त्यात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि एक चांगल्यापैकी साडी. "पदर धरा," म्हणाल्या. मी धरला. त्यांनी माझी ओटी भरली, कपाळाला पुन्हा कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सांगलीला सुखाने राहा. आम्हाला विसरू नका हं."

मी सांगलीला जाणार हे मी त्या घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. एप्रिलमध्ये सांगायचं ठरलं होतं.

ओटी ही अशी गोष्ट आहे की ती भरत असताना बाईला बोलता येत नाही. पदरात दोन्ही हात गुंतलेले, नारळ घरंगळू नये म्हणून पोटाशी धरलेला, आणि समोर आपल्यापेक्षा मोठी बाई हसऱ्या चेहऱ्याने शुभ बोलत असते. त्या वेळी "थांबा, हे काय चाललंय?" असं विचारायची कुणाची छाती होणार? मी वाकून नमस्कार केला. बाकीच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच तिळगुळाकडे पाहिलं, त्यावरून मला कळलं की त्यांना आधीपासून ठाऊक होतं. एवढ्या सन्मानाने मला कुणी आयुष्यात हाकललं नव्हतं.

हे नीट समजायला थोडं मागे जायला हवं.

मी साताऱ्यात त्या लॅबमध्ये लग्नानंतर लगेचच लागले. डिप्लोमा माझा होता, पण नोकरीची बोलणी करायला माझे सासरे आले होते. आमच्याकडे तशीच पद्धत होती. सून कुठं जाणार, किती वाजता सुटणार, तिथं माणसं कशी आहेत, हे घरातल्या पुरुषाने जाऊन बघायचं. सासरे डॉक्टरांच्या समोर बसले आणि मी मागे उभी. दोघांनी पावसाची चौकशी केली, एकमेकांच्या गावांची नावं विचारली, आणि शेवटी सासरे म्हणाले, "पोर गुणाची हाय. संभाळून घ्या." डॉक्टर म्हणाले, "पाठवा सोमवारपासून." मला कुणी काही विचारलं नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही सांगून टाकते. मी खूश होते. मला नोकरी हवी होती, ती मिळाली होती.

पुढे ती नोकरी माझी झाली. रक्त काढायला माझा हात हलका आहे असं नाव झालं, आणि साताऱ्यात असं नाव एकदा झालं की ते आपल्या आधी बाजारात जातं. उपाशीपोटी साखर तपासायला आलेली माणसं सकाळी सकाळी चिडलेली असतात, त्यांना चहा नसतो, बिडी नसते, आणि समोर सुई असते. त्यातले कितीतरी फौजेतून निवृत्त झालेले. बर्फात पहारे केलेले हे गडी माझ्यापुढे बाही वर करताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसायचे आणि विचारायचे, "झालं का?" मी म्हणायचे, "अजून टोचलंच नाही, मेजर." आणि तोवर बाटली भरलेली असायची. ते काउंटरवर जाऊन सांगायचे, पुढच्या वेळी ह्याच बाई पाहिजेत. मशिनं बदलली, डॉक्टरांचे केस पिकले, नव्या मुली आल्या आणि गेल्या, पण सकाळी लॅबचं कुलूप माझ्याच हाताने उघडायचं.

मग माझ्या नवऱ्याची सांगलीला बदली झाली. ते सरकारी खात्यात आहेत. बदलीला नोटीस लागत नाही, ऑर्डर येते आणि माणूस जातो. मुलगी दहावीत होती, शाळा बदलणं शक्यच नव्हतं, म्हणून मी आणि ती साताऱ्यात राहिलो आणि ते सांगलीत खोली घेऊन राहू लागले. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीने जायचे. मुलीची परीक्षा मार्चमध्ये, निकाल लागेपर्यंत मे-जून, तेव्हा मेमध्ये सगळं बिऱ्हाड सांगलीला हलवायचं असं आम्ही दोघांनी बसून ठरवलं होतं. दोघांनी. हे मी मुद्दाम लिहितेय.

प्रश्न एवढाच होता की लॅबमध्ये कधी सांगायचं.

लिहायला सोपं वाटतं, पण त्या प्रश्नाने मला चार-सहा महिने झोप लागू दिली नाही. आमच्या डॉक्टरांची एक सवय होती. कुणी सोडून जाणार म्हटलं की ते माणूस त्यांना एकदम परकं व्हायचं. आमच्यातली एक मुलगी लग्न ठरल्यावर प्रामाणिकपणे आधीच सांगायला गेली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या टेबलावर दुसरीच बसली होती. डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही आता लग्नाची तयारी करा, आराम करा." त्यांना भीती वाटायची की जाणारं माणूस गावातल्या डॉक्टरांच्या ओळखी दुसऱ्या लॅबकडे घेऊन जाईल. ती मुलगी तर जात होती बार्शीला. बार्शीहून साताऱ्याचं कोणतं गिऱ्हाईक पळवणार होती ती?

म्हणून लवकर सांगणं धोक्याचं. आणि उशिरा सांगणंही बरं नव्हतं, कारण मला त्यांचा चांगला शब्द हवा होता. दिवाळीच्या आधी आम्ही सांगलीत भाड्याचं घर बघायला गेलो होतो. सांगलीत घर बघणं म्हणजे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं: पुराचं पाणी कुठवर आलं होतं? घरमालक हाताने दाखवतो, शेजारी त्याच्याहून वर दाखवतो, आणि आपण मनातल्या मनात आणखी वर धरतो. त्याच फेरीत मी मिरजेला जाऊन आले. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये माझ्यासारख्या अनुभवी बाईची गरज होती. तिथल्या प्रमुख मॅडमनी मला अर्धा तास बसवून घेतलं, मशिनं दाखवली, आमच्या लॅबमध्ये वर्तमानपत्राएवढ्या जागेत जे चालतं ते तिथं हॉलभर पसरलेलं होतं. मला एका विभागाची जबाबदारी देणार होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताखाली माणसं असणार होती. त्या म्हणाल्या, "मेमध्ये या. त्याआधी तुमच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घेईन, तेवढं आमच्याकडे लागतं." मी म्हटलं, एप्रिलमध्ये मी त्यांना सांगते, मग तुम्ही बोला.

माझे मिस्टर बाहेर बाकावर बसले होते. त्यांनी मला कॅन्टीनमध्ये चहा पाजला, सगळं विचारून घेतलं. परत येताना बसमध्ये म्हणाले, "छान झालं." मी खिडकीतून हळदीच्या गोदामांकडे बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

लॅबमध्ये हे फक्त एका बाईला माहीत होतं. आमच्या काउंटरवर बसणारी, माझ्याच वयाची, कोरेगावकडची. पावत्या ती करायची, पेशंटची भांडणं ती सोडवायची आणि डबा आम्ही एकत्र खायचो. मी तिला म्हटलं, मार्चमध्ये सांगू का? तिने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"येडी का खुळी तू? परीक्षा हुईस्तवर त्वांड उघडू नगंस. लय बेरकी हाय त्यो मानूस. ग्वाड बोलून घालवंल."

"मग एप्रिल?"

"एप्रिल. तेबी पगार हातात पडल्यावर."

अशी आमची तारीख ठरली. एखाद्या लग्नाची काढावी तशी आम्ही दोघींनी ती काढली होती. मी घरीही सांगितलं. नवरा म्हणाला, "बघ तुझं तू."

डिसेंबरच्या शेवटी डॉक्टरांनी एक नवी मुलगी घेतली. कामाचा ताण वाढलाय, तुम्हाला मदतीला, असं मला सांगितलं. मला बरंच वाटलं. मी तिला सगळं शिकवलं. कोणत्या झाकणाची बाटली कशाला, कोणत्या म्हाताऱ्याची शीर डाव्या हाताला मिळते, गावातला कोणता डॉक्टर रिपोर्टला उशीर झाला की फोनवर शिव्या देतो आणि नंतर माफी मागतो. ती मुलगी चटपटीत होती. मी डॉक्टरांपाशी तिचं कौतुक केलं, तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या हाताखाली तयार होतेय, मग काय प्रश्न!" मी माझ्याच खुर्चीवर बसायला माणूस तयार करत होते आणि शाबासकी घेत होते.

आणि मग ती संक्रांत.

जिना उतरताना मी काउंटरवालीचा दंड धरला. पदरातला नारळ एका हाताने सांभाळत होते.

"तू सांगितलंस?"

"मी?" ती एवढी दुखावली की तिचा आवाज फुटला. "आईच्यान न्हाई. मला बी परवाच कळलं, आन् ते बी मॅडमच्या तोंडनं. तुला कसं सांगू ह्याच इचारात हुते मी दोन दिस."

"मग कुणी सांगितलं?"

"ते डॉक्टरला इचार जा. मला काय दरडावतीस?"

मी तिचा दंड सोडला आणि तशीच, ओटीसकट, डॉक्टरांच्या खोलीत गेले. सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी नमस्कार करायला आले आहे. म्हणाले, "अरे वा, झालं का हळदीकुंकू?"

मी विचारलं, "मी जाणार हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

ते चकित झाले. त्यांचा तो चेहरा मला आजही आठवतो, कारण त्यात लबाडी अजिबात नव्हती. लबाडी असती तर मला सोपं गेलं असतं.

"अहो, तुमच्या मिस्टरांचाच फोन आला होता. दिवाळी झाल्यावर. म्हणाले, मुलीची दहावी आहे, संक्रांतीपासून हिला मोकळं करा. हिला स्वतःला सांगायला जड जाईल, तुमचा लळा आहे, तेव्हा तुम्हीच काय ते गोडीने करा. म्हणून तर मॅडमनी एवढं सगळं केलं."

मी उभीच होते. तांदळाचे दाणे पदरातून फरशीवर सांडत होते आणि मला ते दिसत होतं.

"मला का नाही विचारलंत?"

"तुम्हाला?" ते आणखी गोंधळले. "मिस्टरांनी सांगितल्यावर तुम्हाला काय विचारायचं? तुम्हाला इथे लावतानासुद्धा तुमचे सासरेच आले होते ना?"

 बोलणी झाली होती. सासरे आता हयात नव्हते, म्हणून नवरा बोलला होता. डॉक्टरांच्या हिशेबी सगळं रीतीने झालं होतं आणि मी उगाच शुभ दिवशी डोळ्यांत पाणी आणत होते.

मी जायला वळले तेव्हा त्यांनी मला बरं वाटावं म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली. "आणि हो, मागच्या महिन्यात मिरजेच्या मॅडम कोल्हापूरला भेटल्या होत्या. तुमचा विषय निघाला. मी म्हटलं, बाई सोन्यासारखी आहे, पण आता घरचे नको म्हणतायत, नोकरी करणार नाही ती. त्यांना फार वाईट वाटलं हो."

मी घरी गेले. मुलीने पदर बघून विचारलं, "कुणाचं लग्न होतं?" मी म्हटलं, माझं.

मी लगेच मिरजेला फोन लावला. तिथल्या मॅडम चांगल्या बाई आहेत, त्यांना मी अजूनही मानते. त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुम्हीच विचार बदललात. मी दुसऱ्या बाईंना शब्द दिला. त्या पंधरा दिवसांत रुजू होतायत." मग म्हणाल्या, "तुम्ही स्वतः एक फोन करायचा ना." मला स्वतःला फोन करायला कारण तर असायला हवं होतं. मला वाटत होतं, माझी जागा माझी वाट बघतेय.

शनिवारपर्यंत मी नवऱ्याला काही बोलले नाही. फोनवर बोलायची गोष्टच नव्हती ती. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. शनिवारी ते नेहमीसारखे आले, हातात भडंगाची पिशवी, खांद्याला बॅग. मुलीला मी मैत्रिणीकडे पिटाळलं. पाणी दिलं. आणि विचारलं, "डॉक्टरांना फोन तुम्ही केलात?"

मला वाटलं, नाही म्हणतील. काहीतरी सारवासारव करतील. मी त्याची तयारी केली होती.

"हो," म्हणाले. "मग?"

त्या 'मग'ने मला जेवढं लागलं तेवढं ओटीने लागलं नव्हतं.

"मग म्हणजे? एप्रिलमध्ये सांगायचं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. एप्रिल म्हणता म्हणता दुसरी दिवाळी आली असती." माझे मिस्टर ऑफिसात छापील मराठी बोलतात, पण चिडले की त्यांची गावाकडची बोली वर येते. "लय वळखतो मी तुला. तू सांगितलंच नसतंस. ती लॅब तुझ्याच्यानं सुटत न्हवती. पोरीचं दहावीचं वरीस हाय. आई घरात पाहिजे का नको?"

"पोरीला विचारलं?"

"पोरीला काय इचारायचं असतं?"

"आणि मला?"

 त्यांनी भडंगाची पिशवी उघडली. खरंच उघडली. माझ्यासमोर बसून त्यांनी दोन मुठी खाल्ल्या. मी म्हटलं, मिरजेचं काय झालं ठाऊक आहे का तुम्हाला? त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तेव्हा त्यांचा हात थांबला, पण तो वाईट वाटल्यामुळे थांबला असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "जाऊ दे. मिरजेत पाळ्या असत्यात. रातपाळीला कोण पाठवणार हुतं तुला? आधी घर लावू, मग बघू."

म्हणजे त्यांना मिरज कधीच नको होतं. बाकावर बसले होते तेव्हाही नको होतं. मला चहा पाजताना, मशिनं कशी आहेत ते विचारताना, बसमध्ये "छान झालं" म्हणताना, तेव्हाही. समोर नाही म्हणाले असते तर मी भांडले असते. आमच्या घरात मी भांडते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, आणि बऱ्याचदा भांडून जिंकतेही. म्हणून त्यांनी माझ्याशी भांडण केलंच नाही. माझ्या पाठीमागून एक फोन केला आणि बाकीचं काम दुसऱ्याच्या बायकोकडून खणानारळाने करून घेतलं.

मी त्यांना म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत." ते म्हणाले, "घरचं मानूस घरच्या मानसाला फसवतं व्हय?"

मुलगी कधी परत आली होती कुणास ठाऊक. दारात चपला हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "पप्पा, आई दिवसभर घरात असली ना, की माझा अभ्यास होत नाही." ती गंमत करत नव्हती. नंतरचे दोन महिने तिने मला ते सिद्ध करून दाखवलं. मी तासातासाला तिच्यासमोर काहीतरी खायला नेऊन ठेवायचे, आणि ती तोंड पाडून म्हणायची, "आई, तू कुणाचं तरी रक्त काढायला जा ना."

लॅबमधून माझा कोट आणायला मी गेलेच नाही. काउंटरवालीने आणून दिला, धुऊन, इस्त्री करून. कितीतरी मेजर विचारून जातात म्हणाली. माझ्यासाठी ती अर्धा तास रडली आणि डॉक्टरला, मॅडमला आणि माझ्या नवऱ्याला ओळीने नावं ठेवून गेली. नवऱ्याची पाळी आली तेव्हा मी तिला थांबवायला हवं होतं, रीत तशी आहे. मी थांबवलं नाही.

परीक्षा झाली, मेमध्ये ट्रक भरला आणि आम्ही सांगलीला आलो. विश्रामबागेत वरच्या मजल्यावरचं घर, पाणी तिथं कधी पोहोचलेलं नाही असं तिघांनी वेगवेगळं सांगितलेलं. सामान लावताना वाणांचा डबा उघडला तेव्हा मिस्टर म्हणाले, एवढं स्टील कशाला वाहून आणलंस. मी म्हटलं, माझी कमाई आहे. 

आल्यावर काही दिवसांनी त्यांच्या ऑफिसातले एक साहेब सपत्नीक चहाला आले. मी पोहे केले. मुलीच्या निकालाचं कौतुक झालं. आणि माझे मिस्टर छापील मराठीत म्हणाले, "सगळं श्रेय हिचं. मुलीच्या दहावीसाठी हिने चांगली चालू नोकरी सोडली. एवढा त्याग आजकाल कोण करतं?"

साहेबांची बायको माझ्याकडे आदराने बघू लागली. मी पोह्यांवर कोथिंबीर घालत होते. मी म्हटलं, "मी नाही सोडली. ह्यांनी सोडली. माझी नोकरी ह्यांनी सोडली."

कुणी हसलं नाही. साहेब म्हणाले, "सांगलीत उकाडा फार हो." मिस्टर त्यानंतर दोन-तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि मला त्याचा काही त्रास झाला नाही. ते वाईट माणूस नाहीत. ताप आला तर रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवतात, माझ्या आईच्या दुखण्यात त्यांनी सख्ख्या मुलासारखी धावपळ केली. मी त्यांना सोडून जाणार नाही आणि जायचं मनातही नाही. पण राग गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. संध्याकाळी ते शेजारी बसून बातम्या बघत असतात आणि मला मध्येच वाटतं, आत्ता ह्यांच्या डोक्यात माझ्याबद्दल काय ठरलंय? पूर्वी असं कधी वाटायचं नाही. माझं खरं काय गेलं असेल तर ते हे गेलं. मिरजेची जागा गेली, तिचं दुःख ओसरलं, तशी जागा आणखी कुठंतरी असेल. पण "छान झालं" म्हणणाऱ्या माणसावर आता माझा विश्वास बसत नाही, आणि तो माझ्या घरात आहे.

पावसाळा संपल्यावर मी एका लहानशा लॅबमध्ये लागले. आमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. तिथल्या डॉक्टर म्हणजे नुकतीच शिकून आलेली मुलगी, माझ्या मुलीहून दहा-बारा वर्षांनीच मोठी. मी एकटी गेले, एकटी बोलले आणि कामाला लागायच्या आदल्या संध्याकाळी घरी सांगितलं. मिस्टर म्हणाले, "मला विचारलं नाहीस?" मी म्हटलं, "नाही." भाजी ढवळत होते, ती ढवळत राहिले.

पहिल्या दिवशी त्या डॉक्टर मुलीने माझा फोन नंबर घेतला आणि म्हणाली, "ताई, मिस्टरांचाही देऊन ठेवा. तुमचा लागला नाही तर असावा एक."

मी म्हटलं, "माझा लागला नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा माझाच लावा."